झिजलेल्या वड्यांची भिंत

प्रदर्शनाच्या दारातच तिला वाटलं, परत फिरावं आणि घरी जाऊन आडवं व्हावं. शनिवारची दुपार होती. सोमवारी सकाळी एका मोठ्या इस्पितळाच्या पाट्यांसाठी केलेला फॉन्ट दाखवायचा होता, आणि तो आधी दोनदा परत आला होता. इस्पितळाच्या समितीच्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, "अक्षरं नीटनेटकी आहेत हो, पण जीव नाही त्यांत. एखादं प्रदर्शन-बिदर्शन बघा, सुचेल काहीतरी." सल्ला द्यायला काय जातं! तिसऱ्यांदा नापसंत झाला, की काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

एरवी तिने हात झटकले असते. पण हे दादाचं शेवटचं काम होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याने ब्रशने अक्षरं काढायची आणि तिने ती संगणकात घालून त्यांचा फॉन्ट करायचा, असा दोघांचा कारभार बावीस वर्षं एकाच खोलीत, दोन टेबलांवर चालला होता. आता दादाचा हात थरथरायला लागला होता. त्यात हल्ली तो अक्षरं काढायचा तीही नको तेवढी जाड, सुजल्यासारखी. तो जेवून लवंडला, की ती त्याच्या अक्षरांच्या कडा तासायला बसे आणि पट्टी लावल्यासारख्या सरळ करून टाके. संगणक आपोआप साफ करतो, असं तिने त्याला ठोकून दिलं होतं. अकरा महिने हा उद्योग करून तिचे डोळे आणि मनगट दोन्ही कामातून गेले होते.

दादाला सोबत घेऊन ती आत शिरली. पहिल्या दालनात छताला उलट्या छत्र्या टांगल्या होत्या. दुसऱ्या दालनात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यासमोर चार माणसं गंभीर चेहऱ्याने उभी होती.

"झालं का बघून?" दादाने विचारलं.

"काय बघून?"

"तेच. नसलेलं."

ती हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

तिसऱ्या दालनात भिंतभर काचेमागे साबण होते. घराघरांतून मागून आणलेल्या, वापरून झिजलेल्या वड्या. चारशे तरी असतील.

"लोकांच्या न्हाणीघरातला कचरा," ती म्हणाली, "आणि आपण रांग लावून बघतोय."

दादा मात्र काचेला नाक लावून उभा राहिला. कोपऱ्यातल्या रखवालदार बाई खाकरल्या. "आजोबा, काचेला नाक लागतंय."

"कोरडं आहे," दादा म्हणाला आणि हलला नाही. "इकडे ये गं. यातली एक तरी वडी सरळ आहे का?"

तिने पाहिलं. एकही नव्हती. प्रत्येक वडी टोकांना भरलेली आणि मधे, जिथे रोज हात फिरला होता तिथे, बारीक झाली होती. पट्टी लावल्यासारखी कड कुठेच नव्हती, तरी वेडीवाकडी म्हणावी अशीही एक नव्हती. बघतच राहावंसं वाटत होतं. तिला आपल्या फॉन्टमधले उभे दांडे आठवले, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे. तिनेच तसे केले होते. समितीच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, आणि जीव काढून घेणारी दुसरी कुणी नव्हती.

लपवायचंही आता बळ उरलं नव्हतं. ती बाकावर बसली.

"दादा, एक सांगायचंय. रागावू नकोस. तू झोपलास ना, की मी तुझी अक्षरं…"

"तासतेस. माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. माझ्या हातचं कुठलं आणि नाही कुठलं, हे मला कळणार नाही? संगणक करतो म्हणालीस, मी मान डोलावली."

"मग बोलला का नाहीस?"

दादा शेजारी बसला. थरथरणारा हात त्याने दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"बोलून काय करू? हात ऐकत नाही. कड हुकणार हे ठरलेलंच. बारीक काढलं असतं, तर तू काय तासणार होतीस? म्हणून जाड काढायला लागलो. तुला तासायला उरावं म्हणून."

अकरा महिने ती त्याच जाडीला मनातल्या मनात शिव्या घालत होती. रखवालदार बाई उठून दोन पावलं पुढे आल्या, तिचा चेहरा बघून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

"पण तू सगळंच सरळ करत सुटलीस," दादा म्हणाला. "मधे जास्त तासायचं, टोकांना कमी. हे बघ, या वड्यांसारखं. माझे मूळ कागद आहेत ना कपाटात?"

"आहेत. पण उद्याच्या एका दिवसात सगळी अक्षरं? दादा, मनगटात जोर नाही रे राहिला."

दादाने तिच्या मनगटाकडे बघितलं.

"उद्या दुपारी मी झोपत नाही," तो म्हणाला. "शेजारी बसतो. तू तास. कुठे थांबायचं ते मी सांगतो."