पुसायला आणलेला फोटो

“पूस तिला.” दादानं फोटो माझ्या टेबलावर आपटला. “बाकी कुणाला धक्का लागता कामा नये.”

फोटोत आबा, दादा, वहिनी आणि मध्ये माझी भाची, लहानपणीची. दादानं वहिनीचं मनगट मोडलं म्हणून ही पोरगी गेल्या महिन्यात एकटी पोलिस चौकीत गेली, बापाविरुद्ध तक्रार दिली आणि घर सोडून निघून गेली. मनगट मोडणारा राहिला बाजूला, नाक म्हणे तिनं कापलं! चोराच्या उलट्या बोंबा. तिचे बाकीचे फोटो त्यानं जाळले. या फोटोची निगेटिव्हसुद्धा कात्रीनं कुरतडली. हा एवढा वाचला, कारण आमच्या वडिलांचा, आबांचा, दुसरा फोटोच नाही. लोकांचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांचा स्टुडिओ आता मी चालवते.

“ठेवून जा. उद्या देते,” मी म्हटलं. तेवढ्यात मी कॉपी काढून ठेवली असती.

“मला शिकवतेस? मीही इथंच वाढलोय. माझ्यासमोर कर. नाहीतर हाही जाळतो, आबांसकट.”

जाळलाही असता, त्याचा काही नेम नाही. बाहेर बाकावर वहिनी प्लास्टरमधला उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्यानं मुद्दाम बरोबर आणलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी ब्लीचची बाटली काढली. कारण ब्लीचनं चित्र दिसेनासं होतं, पण मरत नाही. टोनरमध्ये टाकलं की तपकिरी होऊन परत येतं. फक्त मध्ये हायपोत, म्हणजे फिक्सरच्या पाण्यात, बुडवायचं नाही. हायपोत गेलं की संपलं, मग देव आला तरी परत आणू शकत नाही.

फोटो भिजवला, टिपला आणि बारीक ब्रशनं ब्लीच लावत गेले. आधी फ्रॉक, मग वेण्या, मग ते पुढचे दोन दात पडलेलं हसू. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. ते फोटोवर पडू नये म्हणून मी बाहीनं पुसत होते.

“हे काय?” दादा वाकला. पोरगी गेली होती आणि आबांचा हात तसाच अधांतरी राहिला होता.

“तिच्या खांद्यावर होता. आता खांदा नाही.”

“मग हातही काढ.”

“आबांचा?”

“मनगटापर्यंत काढ. कोण बघतंय!”

“मनगटांशी तुझं काय वैर आहे रे?”

तो लालबुंद झाला. “जास्त बोलू नकोस. हायपोत टाक. परत यायला नको ती.”

विसरला नव्हता मेला! मी फोटो पाण्यात खळबळून काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत टोनरच्या ट्रेमध्ये टाकला. सडक्या अंड्यांचा भपकारा आला.

“हा कसला वास?”

“तुझ्या घराचा.”

आणि आली पोरगी. फ्रॉक, वेण्या, हसू, सगळं. बाकीचे काळेपांढरे आणि ही एकटी तपकिरी, आबांच्या हाताखाली.

“आता हिला ब्लीच लागत नाही,” मी म्हटलं. “बाकीचे सगळे फिके पडतील, ही नाही पडायची. आणि हात पुढे केलास तर हा ट्रे तुझ्या तोंडावर ओतीन.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओतीन, हे त्याला कळलं.

“आजपासून मला बहीण नाही!”

“चालेल. मला पुसायची तसदीही नाही तुला. तुमचे सगळे फोटो मीच काढलेत, एकातही मी नाही.”

दार आपटून तो रस्त्यावर गेला. “चल गं!” तिथून ओरडला. वहिनी बाकावरून उठली आणि आत आली. ट्रेवर वाकून बराच वेळ बघत राहिली.

“वन्सं, मलाही असं करा ना.”

“आधी पुसावं लागतं, वहिनी.”

“ते कधीच झालंय,” ती म्हणाली.

बाहेरून पुन्हा हाक आली. वहिनी दाराशी गेली आणि डाव्या हातानं तिनं आतून कडी घातली.