तीन उमेदवारांची स्वरचाचणी

इमारतीतली माणसं त्यांना बातम्याकाका म्हणत. आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचल्यामुळे हे नाव चिकटलं होतं. निवृत्त झाल्यावरही जिन्यात भेटलेल्या माणसाला ते ‘लिफ्ट बंद आहे’ एवढंच अशा काही आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याने हातातलं सामान खाली ठेवून नीट उभं राहावं.

मग त्यांची नजर गेली. एकदम नाही, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू झिजत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दाराची चौकट दिसे, दारात उभा असलेला माणूस दिसत नसे. चालताना ते कशाला अडखळत नसत, पण पुस्तक उघडलं की पानाच्या मधोमध एक राखाडी डाग बसलेला असे, आणि नजर कुठेही न्यावी तर हा डाग तिथे आधीच हजर.

वाचून दाखवायचं काम त्यांच्या बायकोने आनंदाने अंगावर घेतलं. ती पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होती. तिला सगळे, खुद्द काकासुद्धा, कोच म्हणत. अडचण एवढीच होती, की कोचबाई पोहायला शिकवल्यासारख्या वाचत. मोठ्याने, श्वासापुरतं थांबत, कधी एकदा पलीकडची कड गाठतो अशा घाईने. ‘इथे नुसतं नदीचं वर्णन आहे हो,’ म्हणत दोन-दोन पानं ओलांडत. आणि काकांना आवडायच्या रहस्यकथा.

“तू शेवटचं पान वाचलंस,” एका संध्याकाळी काका म्हणाले.

“छे! कोण म्हणतं?”

“तो माळी बागेत आल्यापासून तुझा आवाज बदललाय. त्यानेच खून केलाय ना?”

कोचबाईंना हसू आवरेना. “अहो, मला दम धरवत नाही. काय करू?”

“तू काही करू नकोस. मला वाचून दाखवणारा कॉम्प्युटर आणू या. त्याला तरी शेवटच्या पानाची घाई नसेल.”

एवढ्या साध्या वाक्यावरून घरात रणधुमाळी माजेल, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

त्यांची मुलगी इमारतींचे आराखडे करायची. ती म्हणाली, “बाबा, मॅक. दुसरं काही बघूसुद्धा नका. डबा उघडला की चालू.” जावई विमा कंपनीत होता. त्याचं म्हणणं, सगळं जग विंडोज वापरतं, तर बाबांनीच वेगळ्या वाटेने का जायचं? दोन मजले खाली राहणारे कोचबाईंचे धाकटे भाऊ गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. घरात त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांना तर विंडोज आणि मॅक ही दोन्ही नावं ऐकली तरी पित्त व्हायचं.

“भाऊजी, लिनक्स!” ते तिसऱ्याच प्रणालीचं नाव घेत टेबलावर हात आपटून म्हणाले. “फुकट, मोकळं, सगळ्यांचं! आपल्या मशीनचे मालक आपणच!”

“मामा, ते चालवायला गणिताची पदवी लागते,” मुलगी म्हणाली.

“लागू दे की! माझ्याकडे आहे.”

तिघांचे आवाज चढत गेले. कोचबाईंनी तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली, तेव्हा कुठे शांतता झाली. मग काका बोलले.

“रेडिओवर नवा निवेदक घ्यायचा असला की आम्ही स्वरचाचणी घ्यायचो. उमेदवार आत, आम्ही काचेच्या पलीकडे पाठ करून. रूप बघायचं नाही, ओळखी काढायच्या नाहीत. रविवारी तुम्ही आपापलं मशीन घेऊन या. मी ऐकणार, आणि मीच ठरवणार.”

रविवारी जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप मांडले गेले. मुलीचा चकचकीत, जावयाचा कामाला राबलेला, आणि मामांचा असा, की त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली. काका खिडकीकडे तोंड करून बसले. चाचणीचा उतारा त्यांनीच सांगून लिहवला होता. आधी हवामान, मग एका वृद्ध शिल्पकाराच्या निधनाची बातमी, आणि लगेच फुटबॉलचा निकाल. दुःखाच्या बातमीवरून खेळाच्या बातमीवर निवेदक कसा वळतो, यावरून काका माणूस पारखत.

पहिला मान मुलीच्या लॅपटॉपला मिळाला. बाईचा आवाज, मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा. काकांची मान हळूच डोलली.

“वा! ही बाई इतकी वर्षं कुठे होती?”

“अहो!” कोचबाई म्हणाल्या.

जावयाच्या लॅपटॉपमध्ये एक भारदस्त पुरुष बोलत होता. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. “सरळ माणूस आहे. निधन आणि गोल एकाच पट्टीत सांगतो, पण कुठे घसरत नाही. पुढचा.”

मामांनी घसा खाकरला, जणू उतारा त्यांनाच वाचायचा होता, आणि बटण दाबलं. जो आवाज आला तो ऐकून मुलीने तोंडावर हात ठेवला. पत्र्याच्या पिंपात बसून कोणी नाक दाबून बोलावं, तसा. शिल्पकाराच्या निधनाने जगभर हळहळ, असं वाक्य होतं. त्यातलं ‘जग’ त्याने पाणी ओतायच्या ‘जग’सारखं उच्चारलं, आणि ‘हळहळ’ची केली ‘हलहल’.

“थांबा, थांबा,” काका म्हणाले. “म्हणजे शिल्पकार गेले, आणि पाण्याचा जग हलला?”

सगळे इतके हसले की जावयाला ठसका लागला. मामा मात्र जागचे हलले नाहीत. “भाऊजी, रूप बघायचं नाही हे तुम्हीच म्हणालात. आता याची चाल बघा.” त्यांनी वेग वाढवला. आवाज भरभर झाला, मग आणखी भरभर. हळूहळू खोलीतल्या बाकीच्यांना शब्द कळेनासे झाले, नुसती डब्यात खडे वाजवल्यासारखी खडखड ऐकू येऊ लागली. मुलगी ‘पुरे मामा’ म्हणणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

“अजून वाढवा.”

“अजून?”

“थोडा. हां, बस. आता सोडा.” काका खुर्चीत पुढे सरकले होते. आवाज थांबला तेव्हा त्यांनी सगळा उतारा, पेनल्टी कोणत्या सत्रात मिळाली त्यासकट, घडाघडा म्हणून दाखवला.

“हा तुम्हीच लिहवलाय, पाठ असणार,” जावई म्हणाला. त्याने फोनवरून विमा पॉलिसीतलं एक कलम मामांच्या मशीनवर पाठवलं. खडखड झाली. काकांनी त्याही कलमाचा अर्थ सांगितला, वर विचारलं, “हे असं असेल तर तुम्ही भरपाई देता तरी कधी?”

रेडिओवर काका कित्येक वर्षं एका कानात निर्मात्याच्या सूचना ऐकत आणि तोंडाने बातम्या वाचत. तो कान अजून शाबूत होता. मुलीने घाईघाईने आपल्या बाईचा वेग वाढवून पाहिला. पण त्या मऊ आवाजातले शब्द एकमेकांत मिसळून गेले, आणि काकांनी नकारार्थी मान हलवली.

“बाबा, तुम्ही? ‘ळ’ नीट न म्हणणाऱ्याला तुम्ही दारातून परत पाठवायचात!” मुलगी म्हणाली.

“तो लोकांना ऐकवणार होता. हा फक्त मला सांगणार आहे,” काका म्हणाले. “तुझी बाई फार छान वाचते गं, पण मला तिच्या चालीने जावं लागतं. हा येडा माझ्या चालीने येतो. पूर्वी मी डोळ्यांनी असाच वाचत होतो, झरझर. विसरूनच गेलो होतो.”

शेवटचं वाक्य त्यांनी नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हटलं नाही. मामांना मात्र निकालाची घाई होती. “मग? जिंकलो ना?”

“एक मिनिट,” जावई फोनवर काहीतरी शोधत म्हणाला. “हाच आवाज विंडोजवरही बसतो, मामा. फुकट आहे. कोणीही घ्यावा.”

“चोर!” मामा गरजले.

“तुम्हीच म्हणता ना, मोकळं, सगळ्यांचं?”

मामांची अशी पंचाईत त्यांच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा कधी केली नसेल. ते खुर्चीत बसले आणि स्वतःच खो-खो हसू लागले.

“म्हणजे आवाज कुठेही मिळेल,” काका म्हणाले. “मग मला एवढंच सांगा. हे मशीन अडून बसलं, आणि घरात त्याच्याकडे बघू शकेल असं कोणी नसलं, तर कोण येणार?”

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि तो निम्मा महिना फिरतीवर.

“मी येणार,” मामा म्हणाले. “चप्पल घालायचीसुद्धा गरज नाही.”

“अरे देवा,” कोचबाई म्हणाल्या. “म्हणजे हा रोज इथे!”

“ताई, तू फक्त चहा ठेवत जा.”

काका उठून उभे राहिले आणि खास बातम्यांच्या आवाजात त्यांनी निकाल जाहीर केला. “आजच्या चाचणीतून मेव्हण्यांची निवड करण्यात आली आहे. त्यांच्यासोबत लिनक्सही रुजू होईल.”

शिकवणी सुरू झाली. मामांनी माऊस काढून घेतला आणि काही बटणांवर बोटाला लागतील असे फुगीर ठिपके चिकटवले. गुरू तापट आणि शिष्य शंकेखोर. “भाऊजी, कंट्रोल दाबा म्हटलं की दाबा. का दाबायचं ते विचारू नका.” “का विचारायचं नाही?” स्वयंपाकघरातून कोचबाईंना हे रोज ऐकू येई. एकदा काकांनी चुकून मशीनची भाषाच बदलली, आणि दोघांना एक अक्षर कळेना तरी दोघेही ते हट्टाने ऐकत बसले. शेवटी कोचबाईंनी ते बंद करून चालू केलं.

पण काका शिकले. एका दुपारी ते कानात इअरफोन घालून बसले असताना अचानक मोठ्याने हसले.

“काय झालं हो?” कोचबाईंनी विचारलं.

“काही नाही. त्या विधवेने आरशात बघून जे काही केलंय ना...”

“काय केलंय?”

“थांब, वाचतोय.”

कोचबाई भाजी चिरायची सोडून येऊन बसल्या. “अहो, सांगा ना!”

मग काकांनी मशीनवर पुस्तक प्रकरणाच्या सुरुवातीला नेलं, एका कानात इअरफोन तसाच ठेवला आणि बोलायला लागले. कानात खडखड चालली होती आणि तोंडातून वाक्यं बाहेर पडत होती, संथ, गोल, प्रत्येक ‘ळ’ जागच्या जागी. पावसाळी घाटाचं वर्णन आलं, तेही त्यांनी पूर्ण वाचलं. कोचबाई कुठेही ‘पुढे चला’ म्हणाल्या नाहीत. सुरी हातातच राहिली होती.

वाचन संपल्यावर कोचबाईंनी विचारलं, “आमच्या स्पर्धेत निवेदन कराल?”

तलावावर दरवर्षी मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत. नेहमीचे निवेदक यंदा त्या वेळी आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी जाणार होते, आणि कोचबाई कधीपासून माणूस शोधत होत्या.

“मला यादी दिसत नाही, कोच.”

“दिसत नाही. पण ऐकू येते ना?”

स्पर्धेच्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून तलावाच्या कडेच्या काचेच्या खोलीत बसले. शेजारी मामा लॅपटॉपवर याद्या भरायला. ओल्या फरश्या, क्लोरीनचा वास, मुलांचा गलका, आणि छताला आपटून परत येणारा प्रत्येक आवाज. काकांनी माइकवर बोट टेकवून बघितलं. मग पुन्हा, आणि परत एकदा.

“भाऊजी, मी आहे.”

“त्याचीच तर धास्ती आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी माइक चालू केला.

“नमस्कार.”

एका शब्दात सगळा तलाव चिडीचूप झाला. पाण्यात उडी मारायला निघालेला एक मुलगा तसाच काठावर उभा राहिला. पलीकडच्या कडेला कोचबाई ओठांत शिट्टी धरून उभ्या होत्या. ती वाजवायचं त्या विसरून गेल्या, आणि दुसऱ्या पंचांनी कोपर मारलं तेव्हा भानावर आल्या. प्रेक्षकांत मुलगी आणि जावई बसले होते. मुलगी हसत होती आणि रुमालही शोधत होती.

शर्यतीमागून शर्यती झाल्या. ऐन वेळी दोन मुलींची जागा बदलली. त्या उडीच्या ओट्यावर चढत असताना मामांनी यादी दुरुस्त केली, कानात खडखडलं, आणि काकांनी जराही न अडखळता दोघींची नावं नव्या क्रमाने घेतली. “शाबास,” ते माइक झाकून म्हणाले. मामांना ते आपल्याला की मशीनला, हे कळलं नाही, पण ते खूष झाले.

बक्षिसं वाटून झाली, लोक दाराकडे निघाले, तेव्हा खोलीच्या दारात ओल्या पायांची चार-पाच मुलं येऊन उभी राहिली.

“आमचा नंबर नाही आला,” त्यांतली एक धीट मुलगी म्हणाली. “पण आमचं नाव परत एकदा घ्याल? तसंच, मोठ्याने?”

“यादीत ते बसत नाही,” मामा म्हणाले.

“तुम्ही लिहा हो,” काका म्हणाले. “मी बसवतो.”

मामा टाइप करत गेले, आणि काका एकेक नाव घेत गेले. कोणी किती जोरात पाय मारले, कोण मध्ये कुठेच थांबलं नाही, तेही त्यांनी मुलांना विचारून घेऊन सांगितलं. बाहेर निघालेले लोक वळून उभे राहिले आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवू लागले. रांगेत सगळ्यात शेवटी एक अगदी छोटी मुलगी होती, अंग कोरडं, हातात भावाचा टॉवेल.

“तू कोणत्या शर्यतीत होतीस?” काकांनी वाकून विचारलं.

“मला अजून पोहता येत नाही,” ती म्हणाली.

काकांनी माइक जवळ ओढला. “आणि आता,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षीच्या स्पर्धक.”