सरकलेली खूण

मी एक जुना टायमिंगचा दिवा आहे, मित्रांनो. पिस्तुलासारखी मूठ, पुढे जाड भिंग आणि मागे तीन वायरी, असा माझा अवतार. घर उजळायला माझा काडीचा उपयोग नाही. जुन्या गाडीच्या चालू इंजिनासमोर मला धरतात आणि मी लुकलुकतो, एवढेच माझे काम. त्यावरून मला कोणी हलक्यात घेऊ नये. एका सकाळी माझ्या लुकलुकण्यावर एका माणसाचा जीव अडकला होता.

आधी माझे काम समजून घ्या. जुन्या इंजिनात पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यातच भडका बसतो, आतून ठोके ऐकू येतात आणि इंजिन तापून बंद पडते. माझी एक वायर पहिल्या प्लगच्या वायरीला चिमट्यात धरते. तिथे ठिणगी निघाली की मी चमकतो. माझ्या उजेडात इंजिनाच्या तोंडाशी गरगरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची पांढरी खूण कोणत्या आकड्यासमोर आली ते वाचता येते. आकडा चुकला तर डेल्को, म्हणजे ठिणग्या वाटून देणारा डबा, थोडा फिरवायचा की झाले.

कारखान्यातून मी थेट एका दुकानाच्या काचेमागे गेलो आणि तिथून मला एका मिस्त्रींच्या बायकोने उचलले. सगळे तिला काकू म्हणत. गॅरेजात बसून प्लग साफ करायचे, त्यांच्या टोकांतली फट बेतायची, हे तिचे काम. हात रिकामे झाले की ती विणत बसे. नवऱ्याचे काम सोपे व्हावे म्हणून तिने हौसेने मला आणले. मिस्त्रींनी मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "मला देवानं दोन कान दिलेत. हे खेळणं कशाला?"

खरेच, काय कान होते त्यांचे! रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते जेवता जेवता सांगत, हिचा डेल्को पुढे गेलाय. मी अकरा वर्षे खणात पडून होतो, पान्यांच्या आणि फाटक्या हातमोज्यांच्या खाली. मला त्यांचा राग येई आणि त्यांचे कौतुकही वाटे.

मग एक दिवस खण उघडला. मिस्त्रींनी फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली आणि त्या दिवसापासून माझ्याशिवाय त्यांचे पान हलेना. मी फुशारून गेलो. शेवटी खरे-खोटे माझ्याच उजेडात ठरते, असे मला वाटू लागले. त्यांनी मला बाहेर का काढले, हे कळायला मला वर्ष लागले. मिस्त्री फोनवर ओरडून बोलू लागले होते. इंजिन चालू केले की तळहात मडगार्डवर टेकवून उभे राहत. बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानातून एकेक करून निघून गेले होते. ते हे कोणाला कळू देत नव्हते. काकूला कळले होते, पण आपल्याला कळले आहे हे ती त्यांना कळू देत नव्हती. दोघांचे हे नाटक मी रोज पाहत होतो.

अशात एक जुनी निळी गाडी येऊ लागली. ती चालवणाऱ्या बाईंना त्यांचा धाकटा भाऊ ताई म्हणे, म्हणून गॅरेजातही त्या ताईच झाल्या. भावाची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्याला टेकडीपलीकडच्या इस्पितळात नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. आणि ही गाडी नेमकी चढावर तापून धापा टाकू लागली.

मिस्त्रींनी मला लावले. खूण थोडी मागे दिसली, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. ठिणगी लवकर पडावी म्हणून त्यांनी डेल्को पुढे सरकवला, खूण जागेवर आणली. चार दिवसांनी ताई परत आल्या. पुन्हा खूण मागे. पुन्हा डेल्को पुढे. तिसऱ्यांदाही तेच झाले, आणि तिसऱ्यांदा मिस्त्रींनी पेट्रोल भेसळीचे असल्याचा शेरा मारला. पुढच्याच फेरीत गाडी चढाच्या मध्यावर बंद पडली. इस्पितळातली पाळी गेली आणि ताईंना गाडी उतारावरून तशीच घरंगळत घरी आणावी लागली.

त्यानंतरच्या सकाळी ती गाडी गॅरेजात उभी होती. घड्याळात साडेनऊ झाले होते. बाराची पाळी होती. भावाचा चेहरा सुजला होता, पायांत चप्पल जात नव्हती. तो मागच्या सीटवर दार उघडे ठेवून बसला होता आणि दोन शब्द बोलला की थांबून श्वास घेत होता.

"मिस्त्रीकाका, आज नाही पोचलो तर कठीण आहे," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दुसरी गाडी बघत होते, पण ऐनवेळी कोणी मिळालं नाही."

"तुम्ही काळजी करू नका. आत्ता करतो." मिस्त्रींनी माझी मूठ पकडली आणि वायर जोडली.

मी चमकू लागलो. खूण पुन्हा किंचित मागे होती. मिस्त्री डेल्कोच्या पट्टीचा बोल्ट सैल करायला वाकले.

"काका, चढावर कसला तरी आवाज येतो," ताई म्हणाल्या. "डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा."

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितले.

"तसला आवाज नाही येत या गाडीला. मी गेल्या खेपेला चालवून बघितली ना."

काकू बाकावर बसून मघाशी त्याच गाडीतून बदलून काढलेला जुना प्लग निरखत होती. ती उठून जवळ आली. "अहो, डेल्कोला हात लावू नका. हे बघा आधी."

प्लगच्या पांढऱ्या टोकावर बारीक करडे ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे. "ठिणगी आधीच फार लवकर पडतीये. तुम्ही अजून पुढे घेताय. पिस्टनला भोक पडेल वाटेत."

"दिवा काय सांगतोय ते बघ ना. खूण अजून मागेच आहे. दिवा खोटं बोलतो का?"

"तुम्हाला तो आवाज ऐकू येत नाही," काकू म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण समोर उभी राहून, ओठ दिसतील अशी. "दोन वर्षं झाली. मला माहितीये."

मिस्त्रींनी मला बाकावर आपटले. माझ्या भिंगाला कडेने तडा गेला, तो आजही आहे. भावाने सीटवरून एकदा घड्याळाकडे पाहिले. दहाला पाच मिनिटे कमी होती.

मी तेव्हा मनातून हादरलो होतो, मित्रांनो. मी खोटे बोललो नव्हतो. खूण जिथे होती तिथेच मी ती दाखवली होती. मग चुकत कोण होते?

मिस्त्रींनी वाकून पुलीवरच्या खुणेकडे पाहिले. मग ताठ झाले. "अगं, ती लाकडी सुई दे. खूणच जागेवर आहे का ते बघतो."

काकूने अर्ध्या विणलेल्या स्वेटरातून सुई ओढून काढली. दोन ओळींचे टाके सुटले, तिने तिकडे पाहिलेही नाही. मिस्त्रींनी इंजिन बंद करून पहिला प्लग काढला, त्या भोकातून सुई पिस्टनच्या डोक्यावर टेकवली आणि पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवू लागले. सुई वर वर आली आणि थांबली. पिस्टन आता अगदी माथ्यावर होता. म्हणजे पांढरी खूण शून्यासमोर हवी होती. ती दोन बोटे मागे होती.

पुली आत-बाहेर दोन कड्यांची असते आणि मधे रबर असते. वर्षानुवर्षांच्या तापाने ते रबर सैल झाले होते, बाहेरचे कडे खुणेसकट मागे सरकत चालले होते. मी सरकलेली खूण इमानाने दाखवत होतो आणि मिस्त्री माझ्या भरवशावर दर वेळी ठिणगी आणखी लवकर पाडत होते.

"चूक माझी आहे, ताई," मिस्त्री म्हणाले. "मला ऐकू येत नाही हे मी सांगायला पाहिजे होतं." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी ऐकला नव्हता.

पुढे सगळे भरभर झाले. आतल्या घट्ट कड्यावर त्यांनी नवी पांढरी रेघ ओढली. मला पुन्हा लावले. तडकलेल्या भिंगातून मी जमेल तेवढा चमकलो. डेल्को कितीतरी मागे आला आणि बोल्ट आवळला. मग काकू गाडीत बसली आणि ताईंनी गॅरेजासमोरचा छोटा चढ दोनदा जोरात चढवून पाहिला. मिस्त्री रस्त्यात उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने खिडकीतून मान हलवली. आवाज नव्हता.

"पुली नवी लागेल, पण आज ही पोचवेल," मिस्त्री म्हणाले.

"टेकडीवरच्या खिंडीत पोचले की हॉर्न देते, म्हणजे तुम्हाला कळेल," ताई म्हणाल्या.

"हॉर्न नको," काकू म्हणाली. "दिवे दाखव."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले.

आभाळ भरून आले होते. माझी वायर अजून त्यांच्या खांद्यावर होती, मी त्यांच्या हातात लोंबत होतो. आम्ही तिघे दारात उभे राहून टेकडीकडे बघत होतो. निळा ठिपका वळणामागे गेला. बंद पडला तर तिथेच पडणार होता. काकू नवऱ्याचा हात धरून उभी होती. खणातली अकरा वर्षेसुद्धा मला इतकी लांब वाटली नव्हती.

मग वर खिंडीत गाडीचे मागचे दोन तांबडे दिवे लागले. विझले. पुन्हा लागले.

"दिसले," मिस्त्री म्हणाले. "दोनदा दिसले ना गं?"

आता मी भिंतीवरच्या खिळ्याला असतो, खणात नाही. मिस्त्री मला हातात घेण्याआधी सुई घालून खूण तपासतात आणि गाडी सोडण्याआधी काकूला विचारतात, काय ऐकू येतंय? मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, भिंगाला तडा जाऊ देऊ नका. पण आमच्यावर सगळा भार टाकून मोकळे होऊ नका. आम्ही फक्त खूण दाखवतो. ती सरकली असेल तर ते तुमच्यातल्याच कोणीतरी सांगावे लागते, आणि त्या माणसाला बोलू द्यावे लागते.