खाडीवरचा दिवा

“अजून थोडं डावीकडे,” सुनीतीबाई म्हणाल्या, आणि दौलत पाटील स्वतःच्याच गोदामाच्या फलाटावर दोन पावलं सरकला.

“हितंच. ह्या खांबाला टेकून हुबा व्हतो मी.”

“नक्की?”

“नक्की, बाई. चायचा गिलास व्हता हातात.”

“आता हात लांब करा. दिवा दिसला तिकडे बोट.”

दौलतने खाडीच्या दिशेला हात लांब केला. सुनीतीबाईंनी पिशवीतून कोनमापक काढला. त्याच्या मध्याला दोरा बांधून खाली लोखंडी नट लटकवला होता. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या हाताने त्यांनी तो दौलतच्या दंडाशी धरला, आकडा पाहिला आणि वहीत लिहिला. मग परत धरला, परत पाहिला. आकडा तोच होता. तरी त्यांनी तिसऱ्यांदा पाहिला.

बाजूला कुणाल कॅमेऱ्याची तिपाई लावत होता. कामतघरात राहणारा हा पस्तिशीचा माणूस, विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात आकाशातल्या अनोळखी वस्तूंवर एक चॅनल चालवायचा. जिथे जिथे विमान कारणाशिवाय पडलं आणि आधी कुणाला आभाळात दिवा दिसला, तिथली हकीकत तो गोळा करायचा. इथे दापोड्यात अशी हकीकत सांगणारा माणूस आहे, हे बाईंना त्याच्याकडूनच कळलं. माणूस ओळखीचा निघाला. दौलतचा पुतण्या हितेश बाईंच्या वर्गात होता.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, दुपारी चारच्या सुमाराला, बाईंचा मुलगा वरद एक लहान विमान रिकामंच दुसऱ्या शहरात पोचवायला निघाला होता. विमानात तो एकटाच. ते खाडीच्या चिखलात पडलं. हवा स्वच्छ होती. चौकशी झाली आणि घरी दोन पानांचा सारांश आला. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, अपघाताचे कारण निश्चित करता आले नाही.

त्या वाक्यानंतर बाईंना एका जागी बसवेनासं झालं. टेमघरच्या घरात त्या स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून परत स्वयंपाकघरात फिरत राहायच्या. गॅसवर दूध ठेवून जिना उतरायच्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या. सोसायटीत कुणीतरी म्हणालं होतं, पोरगा नवीन होता, हात बसला नसेल. ते बाईंच्या कानावर आलं होतं. त्यानंतर त्यांनी वही सुरू केली. तारीख, वेळ, हवामान, दिवा कुणी पाहिला, विमान कधी पडलं. एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या. बाहेरून काही येऊन आदळलं असेल, तर हात कुणाचाच चुकला नव्हता.

त्यांचे यजमान सुधीर ह्या सगळ्यावर कधी वाद घालत नसत. पहिल्या दिवसापासून ते एवढंच म्हणत, “एका क्षणात झालं असणार. त्याला काही कळलंही नसेल.” चौकशीच्या सह्यांसाठी ते दोनदा दिल्लीला गेले, एकटेच. परत आल्यावर मात्र बाईंच्या वहीसाठी वर्तमानपत्रातली कात्रणं तेच कापून द्यायला लागले.

“मॅडम, आधी दौलतशेठचं घेतो, मग तुमचं,” कुणाल म्हणाला. “आई म्हणून तुम्ही सांगितलंत की लोक ऐकतील.”

“आधी मला विचारू द्या.”

दौलतने सांगितलं. खाडीच्या अंगाला दिवा दिसला. भर दुपारी, चांदणीसारखा पांढरा. हलत नव्हता. एका जागी उभा होता आणि हळूहळू मोठा होत होता.

“आणि आवाज?”

“काय न्हाय. तेच तर नवल हाय. येवढा मोटा झाला तरी आवाज न्हाय.”

“हेच,” कुणाल हळूच म्हणाला. “सगळीकडे हेच सांगतात, मॅडम. आवाज नसतो.”

बाईंनी लिहून घेतलं. “मग?”

“मंग त्यो दिवा गेला. आन त्याच जागेवर इमान दिसला. आडवा झालेला. पोट दिसला त्याचा. तसाच खाली खाली गेला, झाडांच्या पल्याड.”

“दिवा विमानात शिरला,” कुणाल म्हणाला.

बाईंची पेन्सिल थांबली. वर्गात उत्तर बरोबर आणि रीत चुकीची आली की त्या अशाच थांबत.

“दौलतभाऊ, दिवा आणि विमान, दोन्ही एकदम दिसली का तुम्हाला? एकाच वेळी?”

दौलतने खाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “येकदम न्हाय दिसली. पयला दिवा. मंग इमान.”

“विमान वळलं, तेव्हा दिवा गेला?”

“हां. तसाच म्हना.”

बाईंनी वही मिटली. सरळ अंगावर येणारं विमान हलताना दिसत नाही, नुसतं मोठं होत जातं. हे वरदनेच कधीतरी जेवताना ताटातली लिंबाची फोड पुढे सरकवत समजावलं होतं. उतरायच्या वेळी पुढचा दिवा लावतात, तो दिवसाही लांबून दिसतो. आणि आवाज नव्हता, कारण इंजिनं बंद होती.

आभाळात दुसरं काही नव्हतंच. दौलतने पाहिला तो वरदचाच दिवा होता. तो उतरायला जागा शोधत होता. इथून दिसत होती ती सगळी पत्र्याची छपरं, छपराला छप्पर लागलेलं, आणि मध्ये माल चढवणारी माणसं.

“किती वेळ दिसला?” त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

“घड्याल कोन बघतो, बाई? पन लडकू तवा गाडी लावत व्हता. दिवा दिसला तवा त्यानं गाडी मागं घ्याया सुरवात केली. फलाटाला लागली, आन इमान पडला.”

“लडकू आहे इथे?”

लडकू फाटकाजवळच्या ट्रकमध्ये बसला होता. दौलतने हाक मारून त्याला सांगितलं, त्या दिवशीसारखी गाडी लाव, तशीच. लडकूने बाईंकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता ट्रक चालू केला.

बाई खांबाशी उभ्या राहिल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी तळहातावर धरलं. ट्रक फाटकातून मागे सरकू लागला. जागा अरुंद होती. थोडा मागे, थोडा पुढे, चाक पूर्ण वळवून परत मागे. हमालांनी हातगाड्या थांबवल्या. एक मिनिट झालं. बाईंचा पाय, जो दोन वर्षं जमिनीवर ठरत नव्हता, तो आता हलत नव्हता. दोन मिनिटं झाली. ट्रकचं तोंड परत वळलं. कुणालने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हळूच त्याचं झाकण लावलं.

मागच्या फळीने फलाटाच्या रबराला धक्का दिला. लडकूने इंजिन बंद केलं.

तीन मिनिटं उलटून गेली होती.

“बाई, पानी?” दौलत म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि घड्याळ परत मनगटावर बांधलं. बक्कल लागायला वेळ लागला. कुणालला त्या म्हणाल्या, “माझं बोलणं नको. दिव्याचं मला कळलं. तो अनोळखी नव्हता.”

फाटकाबाहेर रिक्षा होत्या. त्यांनी एकीला हात केला, मग नको म्हणून सांगितलं आणि कुंपणाच्या सावलीत उभं राहून घरी फोन लावला.

“झालं का?” सुधीरनी विचारलं. “काय म्हणतो तो?”

“काही आदळलं नव्हतं.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“इंजिनं बंद पडली होती. त्याने दिवा लावला होता. तो उतरायला बघत होता, सुधीर.” त्या थांबल्या. त्याला काही कळलं नसेल असं तुला वाटत होतं ना, हे त्यांना म्हणायचं होतं, पण ते निघालं नाही. “खूप वेळ. तीन मिनिटं तरी.”

समोरून एक कंटेनर गेला. धूळ खाली बसली. बाईंना वाटलं, फोन कटला.

“तीन मिनिटं अठरा सेकंद,” सुधीर म्हणाले. “दिल्लीत त्यांनी मला विमानातलं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं.”