डॉक्टर गॅस्पार यांचा टब

शनिवारी सकाळी अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलापुढे गाडी लावायला जागा नव्हती. आणि जमले होते कोण? इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले! गावाकडच्या अंगारेवाल्या बुवाला खदाखदा हसणारी मंडळी. पण इथला बुवा पडला पॅरिसचा, सूटबूटवाला. खलास! सगळ्यांनी अक्कल चपलांबरोबर दारातच काढून ठेवली.

आत डॉक्टर गॅस्पार यांचा चमत्कार चालू होता. टबातल्या कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, वरून टॉवेल पांघरायचा, मशीन चालू. थोड्या वेळाने हेमा, म्हणजे डॉक्टरांची मॅनेजर, पेलाभर पाणी काढून दाखवी. स्वच्छ पाण्याचं तपकिरी झालेलं!

"शरीरातलं विष बाहेर आलं," डॉक्टरांचं इंग्रजी ती मराठीत सांगे. "हे काळे कण म्हणजे साखर हं! इंजेक्शनं बंद करा, त्यांच्यामुळे विष आतच राहतं."

पामेला दाराशी धुमसत उभी होती. वसईची ही बाई इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते, आणि तिच्याच नवऱ्याने, व्हर्ननने, काल इथे येऊन गेल्यापासून इन्सुलिन बंद केलेलं! लहानपणापासूनचा डायबेटिस त्याचा. सकाळपासून घटाघटा पाणी पीत होता, डोळे खोल गेले होते. हॉस्पिटलचं नाव काढलं की म्हणे, "आधी तू टबात पाय घालून बघ, मग बोल."

हा डॉक्टर बोगस निघावा म्हणून तिने इंटरनेट पालथं घातलं होतं. कसचं काय! डिग्री खरी, मधुमेहावरचं वीस वर्षांचं संशोधनही खरं. फक्त शेवटचा शोधनिबंध मासिकाने मागे घेतला होता, कारण औषध न घेतलेल्या रुग्णांशी तुलनाच केलेली नव्हती. मग प्रयोगशाळा सुटली आणि हा टब आला.

"बघ, अस्सल डॉक्टर आहे," व्हर्नन म्हणाला.

पामेलाचा नंबर लागला. टॉवेल अंगावर आल्याबरोबर तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि पिशवीतला लांबलचक दुधी हळूच पाण्यात सोडला. यल्ला, चला, करा सुरू!

हेमाने पेला भरला. पाणी तपकिरी, वर काळे कण. डॉक्टरांनी तो उजेडात धरून मान हलवली.

"लिव्हर फार थकलंय," हेमा म्हणाली. "साखर भरपूर. आणि मनात कोणावर तरी जुना राग आहे."

"कोणावर, किसणीवर?" पामेलाने टॉवेल उचलला.

हॉल हसून कोसळला. डॉक्टर लालबुंद झाले. पामेलाने पाणी बदलायला लावलं, मीठ टाकलं आणि आता काहीच न घालता मशीन चालू केलं. रिकामा टबही तपकिरी!

"मशीनमध्ये लोखंडाच्या पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं. विष कसलं, गंज आहे हा!"

"मॅडम, मी क्वालिफाइड डॉक्टर आहे," गॅस्पार इंग्रजीत फणकारले.

"आहात ना. म्हणून तर तुम्हाला जास्त लाज वाटायला हवी!"

कोपऱ्यात व्हर्नन भिंतीला टेकून धापा टाकत होता. "पॅम," तो कसाबसा म्हणाला, "हॉस्पिटलला चल."

दोघातिघांनी त्याला उचलून गाडीत बसवलं. पामेलाने स्टिअरिंगवर बसून गाडी चालू केली.

"बाबांनो," ती दारातल्या गर्दीवर ओरडली, "सांगणारा गावचा की पॅरिसचा, ते बघू नका. पाय न घालता काय होतं, एवढं विचारा. माझ्या नवऱ्याने नाही विचारलं. आता वाट सोडा!"