हिरव्या पाण्याच्या बाटल्या

अकोल्यात समुद्र आणायचं डॉक्टर गोवर्धन यांच्या मनात आलं, तेव्हा सगळ्यात जास्त हरखली ती माया. त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायची. पण शिकली होती प्राणिशास्त्र, थेट एम.एस्सी.पर्यंत. कॉलेजात दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग तेही बंद झालं. दवाखान्याच्या हॉलमध्ये समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी आली आणि पाण्यातलं मीठ तपासणं, उन्हाळ्यात ते थंड ठेवणं हे काम न सांगता तिच्या अंगावर पडलं. तिनंही ते आवडीनं घेतलं.

टाकीला तीन महिनेही झाले नव्हते, तोच डॉक्टरांनी मुंबईहून मॅन्डरिन माशांची जोडी मागवली. बोटाएवढे मासे, अंगभर निळ्या-केशरी वळणदार रेघा.

"सर, हे दुकानातलं खाणं खात नाईत," माया म्हणाली. "दगडावरचे बारीक जिवंत किडे दिवसभर टिपत फिरतात. आपली टाकी नवी हाय, तेवढे किडे नाईत तिच्यात. उपाशी मरतील."

"दुकानवाला म्हणे सगळं खातात. तू काऊन भिऊन राहिली?"

पंधरा दिवसांत माशांची पोटं खपाटीला गेली. दाणे तोंडासमोरून खाली जात, मासे ढुंकून बघत नसत. शेवटी मायानं ते किडे कुरियरनं मागवले. टाचणीच्या टोकाएवढे जीव, हिरव्या शेवाळी पाण्यावर वाढणारे. चार बाटल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवल्या, एक घरी खिडकीत. रोज संध्याकाळी बाटल्यांतलं कपभर पाणी गाळून ती ड्रॉपरनं ते किडे दगडांच्या फटीत सोडायची. दीड महिन्यानं पोटं भरली. एकदा दिवे मंद झाल्यावर नर-मादी अंगाला अंग लावून हळूहळू वर चढताना तिला दिसले. पुस्तकात वाचलेलं ते मीलन डोळ्यांपुढे घडत होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

पाहुणे आले की डॉक्टर म्हणायचे, "ही आमची माया, टाकी पुसते."

मग अमरावतीच्या एका कॉलेजातून फोन आला. एक बाई रजेवर होत्या, बारा दिवस शिकवायला याल का? मायानं तेवढ्या दिवसांची रजा मागितली, डॉक्टरांनी दिली. कंपाउंडर चंद्रभानला तिनं दोनदा करून दाखवलं, कपावर खूणही केली. ते बारा दिवस ती फळ्यासमोर उभी राहिली आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. बाई परत आल्या, तशी हिनं बॅग उचलली.

दवाखान्यात आली तर टाकीतले दगड पांढरेशुभ्र. मागच्या खोलीत बाटल्या नाहीत. नर मासा गेलेला, मादी वाळूवर पडून, डोक्यामागची हाडं वर आलेली.

"मॅडमनं तिसऱ्याच दिवशी फेकल्या," चंद्रभान खाली बघत म्हणाला. "वास येते म्हणे. दगडबी घासायले लावले. मी काय बोलू?"

डॉक्टर मात्र बोलले, आणि पेशंटांसमोर बोलले. "दोन-चार दिवस समजू शकतो. तू बारा दिवस जाऊन बसली. जिवाची जबाबदारी घेतली तर निभवावी लागते, माया."

डॉक्टरांच्या पत्नी, आकांक्षा मॅडम, शेजारीच उभ्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. मादी दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी तिथेच फोन लावला, "तोच माल, एक जोडी," आणि मायानं त्या संध्याकाळी नोकरी सोडली.

नवे मासे आल्याचं चंद्रभाननं कळवलं. आठ दिवसांनी आकांक्षा मॅडमचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"माया, हे खातच नाहीयेत गं. तुझ्याकडे ते पाणी असेल तर थोडं दे ना. मी स्वतः घालीन."

मायाच्या घरी खिडकीतली बाटली हिरवीगार होती. आत ते ठिपके उड्या मारत होते.

"नाई मॅडम," माया म्हणाली. "फेकल्या ना तुमी सगळ्या."

फोन ठेवला तेव्हा तिला बरं वाटलं, अगदी छाती भरून बरं वाटलं. आई, माणिकबाई, तांदूळ निवडत बसली होती. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मासोयीनं काय केलं होतं तुयं?"

पोट खपाटीला जायला किती दिवस लागतात हे अकोल्यात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ती रोज सकाळी ते दिवस मोजत होती. मासे आल्याच्या तेराव्या दिवशी बाटली पिशवीत घालून ती दवाखान्यापर्यंत गेलीही. काचेच्या दारातून टाकी दिसली. दिवे लागलेले, पांढरे दगड, आणि पाण्यात काहीच हलत नव्हतं.

चंद्रभान बाहेर आला. "कालच गेले," म्हणाला. "आत येतं का?"

"नाई," माया म्हणाली, आणि पिशवी तशीच घेऊन घरी जायला बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली.