मागच्या बाजूला, खाली, मधोमध

००१

अमिषा लग्न होऊन किहीमहून थळला आली ती तीन बॅगा आणि एक भिंग घेऊन. बॅगांबद्दल कोणी काही विचारलं नाही. भिंगाबद्दल पहिल्याच जेवणाला विचारलं.

"नोटा जमवते मी," ती म्हणाली. "नंबर बघून."

सासऱ्यांनी, काळूराम यांनी, खिशातली दहाची नोट पुढे केली. अमिषाने भिंग धरलं. "हा नंबर. त्याच्यामागे हे पुसट इंग्रजी अक्षर. आणि उलटी केली की खाली मधोमध छापल्याचं साल. आधी हे नसायचं. दोन हजार पाचपासून छापायला लागले."

काळूराम यांचा घास हातातच राहिला.

"कुठं म्हनालीस?" सासूबाई नीराबाईंनी विचारलं. मग कालवण वाढताना पुन्हा: "मागं, खाली… मधोमध ना?"

००२

घरात एक नोट अशी होती जिला अमिषाने हात लावला नव्हता.

१९९८ साली 'जलपरी' होडीची पहिली मासळी विकली गेली, तेव्हा आलेली शंभराची नोट नीराबाईंनी खर्चू दिली नाही. तेव्हापासून ती देव्हाऱ्यात, पत्र्याच्या डबीत. दर नारळी पौर्णिमेला तिला हळद लावायची, मगच नारळ घेऊन दर्यावर जायचं. नीराबाईंच्या मते इंजिन डिझेलवर चालतं, होडी मात्र त्या नोटेवर.

यंदाच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नीराबाई सोडे विकायला अलिबागला गेल्या. अमिषा देव्हारा घासायला बसली. काळूराम पडवीत जाळं सांधत होते.

"बाबा, ही नोट अठ्ठ्याण्णवची ना?"

"व्हय. होडीची पयली."

"हळदीखाली साल दिसतंय. म्हणजे अठ्ठ्याण्णवची नाही. आणि नंबरात चांदणी आहे."

"चांदनी कशाला?"

"छापताना एखादी नोट बिघडली की ती काढून टाकतात. तिच्या जागी चांदणीवाली घालतात. गड्डीत शंभरच्या शंभर राहतात."

"म्हंजे बदली."

"बदलीच."

काळूराम यांनी जाळं खाली ठेवलं.

००३

काळूराम म्हणाले की साल छापायची पद्धत थळमध्ये आधीपासूनच होती, शिवाय हळद जुनी झाली की तिचे आकडे होता

(हा भाग बिघडला. रद्द.)

*००३

"शर्यतीत घालवली," काळूराम म्हणाले. "तुझ्याच किहीमच्या किनाऱ्यावर. बैलगाड्यांची शर्यत व्हती. खिशात डबीतली नोट सोडून कायपन न्हवतं, नि पांढरा बैल असा बघत व्हता माझ्याकडं, जसा काय वळखतो."

"मग?"

"निम्म्यात थांबला. शेपूट वर केली. बाकीच्या गाड्या जाईपर्यंत निवांत कार्यक्रम चालला त्याचा."

अमिषाने पदर तोंडाशी धरला.

"हस, हस. सांजच्याला दुसरी नोट आनली, हळद चोपडली, डबीत ठेवली. तुझी सासू इतकी वर्सं तिच्याफुडं हात जोडते. कळलं तर मला होडीत बसवून सोडून देईल. इंजिन काढून."

"कधीची गोष्ट?"

"तुझा नवरा भावेश तिसरीत व्हता. दोन हजार सात."

"नक्की सात?"

"मेल्यावर पन सांगीन."

००४

अमिषाने डबी पुन्हा उघडली. भिंग लावलं. मोबाईलचा उजेड पाडला. मग भिंग काळूराम यांच्या हातात दिलं.

दोन. शून्य. एक. शून्य.

"मंग?"

"बाबा, दोन हजार सातला तुम्ही ठेवलेली नोट दोन हजार दहाला कशी छापतील?"

काळूराम यांनी आकडे पुन्हा वाचले. डावीकडून. उजवीकडून पण वाचून पाहिले.

"ह्या डबीला हात कोण कोण लावतं?" अमिषाने हळूच विचारलं.

"मी," काळूराम म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नि ती."

००५

दुसऱ्या दिवशी नीराबाई नवं लुगडं नेसून देव्हाऱ्यापुढे बसल्या. डबी उघडली.

"आई, अमिषाला दाखव की नोट," भावेश म्हणाला. "भिंग घेऊन बसलीय बघ तुझी सून."

"दाखवीन. आदी पूजा."

त्यांनी नोट उलटी केली. पूजेत आजवर कधी उलटी केली नव्हती. अंगठा हळदीत बुडवला आणि मागच्या बाजूला, खाली, मधोमध टेकवला. जरा वर नाही, जरा बाजूला नाही. दाबला. वर आणखी एक बोट.

"घे गो, बघ आता."

अमिषाने भिंग लावलं. "खूप छान नंबर आहे आई," ती म्हणाली. "बाकी काही दिसत नाही."

"जुनी हाय ना."

काळूराम बायकोच्या पिवळ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"एवडी हळद?" त्यांनी विचारलं.

"लक्षुमी हाय."

"व्हय, व्हय. लक्षुमीच."

००६

किनाऱ्याकडे जाताना सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ काळूराम यांच्या हातात होता. पुढे बँड, मागे आळीतली माणसं, शेजारी नीराबाई. इंजिनासकट होडीत बसायला मिळणार होतं, हे खरं. पण डोक्यात एकच प्रश्न उड्या मारत होता. कशात घालवली असेल हिने? बांगड्या? जत्रेतला पाळणा? का हिच्याकडेही एखादा बैल बघत होता?

विचारावं तर आपल्याला कसं कळलं ते सांगावं लागणार.

त्यांनी तोंड उघडलं.

"काय?" नीराबाईंनी विचारलं.

"काय न्हाय," काळूराम म्हणाले. "नारळ जड हाय."